समथर: तळहाताएवढं संस्थान आणि अकरा तोफा

बाल्कनीच्या ग्रिलचं काम जानेवारीत सांगितलं होतं. माणूस उगवला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तोही दुपारी दीडला, म्हणजे ज्या वेळी पुण्यात कोणी कोणाची बेल वाजवू नये त्या वेळी. पण पोरगा कामाला चोख. ग्राइंडर बाजूला ठेवून आधी भिंतीचा गुण्या (काटकोन) तपासला, तेव्हाच माझा अर्धा राग गेला. चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढलेल्या माणसाला गुण्या लावणारा कोणीही आवडतो.

चहा घेताना विचारलं, गाव कुठलं? म्हणाला, झाशी. मी लगेच, हां, लक्ष्मीबाई! त्याने कप खाली ठेवला. "पूना में सब येही बोलते हैं, अंकल. हम झाँसी के नहीं, झाँसी जिला के. समथर. अलग रियासत थी. गुर्जर राजा. ग्यारह तोप की सलामी." आणि वर, "आपके पूना में राजा को कितनी तोप थी?"

आमच्याकडे पेशवे होते रे बाबा, असं म्हणणार होतो, पण प्रश्न तोफांचा होता, म्हणजे इंग्रजी अमदानीत संस्थानिकाला सलामी देताना उडवायच्या तोफांचा. जितक्या जास्त, तितका मान मोठा. शेजारचं संस्थान म्हणजे भोर. भोरच्या पंतसचिवांना नऊ तोफा. नऊ हा आकडा मला पाठ आहे, कारण माझं आजोळ भोर तालुक्यातलं आणि आजोबा त्या नऊ तोफांबद्दल असे बोलायचे जसे काही त्यांच्याच ओट्यावर ठेवलेल्या आहेत. आता हे कुठलं समथर, ज्याचं नाव मी उभ्या जन्मात ऐकलं नाही, ते भोरपेक्षा दोन तोफांनी मोठं?

तो गेल्यावर मी नकाशे काढले.

इथे थोडं सांगायला हवं. निवृत्तीनंतर लोक योगासनं करतात, मी जुन्या बाजारात जातो. बुधवारी किंवा रविवारी, लवकर. तिथे पितळी नळ, मोडके कॅमेरे आणि टेपरेकॉर्डरच्या ढिगाखाली कधीकधी नकाशे सापडतात. तसाच मध्य हिंदुस्थानचा एक पत्रा (आम्ही शीटला पत्राच म्हणायचो) माझ्याकडे होता, एक इंचाला चार मैल. इंग्रजी मुलूख गुलाबी, संस्थानं पिवळी. बुंदेलखंडाचा भाग म्हणजे कोणीतरी गुलाबी सतरंजीवर हळद सांडून ठेवल्यासारखा. भिंग घेऊन बसलो. झाशी सापडली, तिच्या ईशान्येला वेडावाकडा पिवळा तुकडा, आत बारीक अक्षरात नाव. तुकडा माझ्या तळहाताखाली पूर्ण झाकला जात होता.

ही म्हणाली, "गुर्जर म्हणजे गुजराती ना? गुजराती राजे झाशीजवळ काय करत होते?"

हा घोटाळा एकट्या हिचा नाही, सगळ्या मराठी कानांचा आहे. गुजर म्हटलं की आपल्याला आधी प्रतापराव आठवतात, नेसरीची खिंड आठवते. ते मराठा घराण्याचं आडनाव. मग खानदेशातले गुजर, दोडे आणि रेवे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे त्यांची गावंच्या गावं. आणि आमच्या कात्रजच्या खाली गुजर-निंबाळकरवाडी आहेच. उत्तरेतले गुर्जर मात्र राजस्थानपासून काश्मीरपर्यंत पसरलेले, मुळात गाईम्हशींचे कळप राखणारे आणि शेती करणारे, जागोजागी लढवय्ये म्हणून नाव कमावलेले. गुजरात या नावाशी त्या शब्दाचा संबंध आहे, पण गुजराती बोलण्याशी समथरच्या राजाचा काही संबंध नाही. त्यांच्यातलं लंढौरा हे रुरकीजवळचं घराणंही बडं होतं, पण समथर हे सलामीचं संस्थान, त्याची मानमरातबच वेगळी.

समथरचं क्षेत्रफळ छापील १७८ चौरस मैल. माझा विश्वास छापील आकड्यांवर नसतो, कपाटातून प्लॅनीमीटर, म्हणजे नकाशावरचं क्षेत्रफळ मोजायचं यंत्र, काढला. धरणांची बुडीत क्षेत्रं मोजून त्याचं चाक गुळगुळीत झालंय. हद्दीच्या तुटक रेषेवरून टोक फिरवलं, तीनदा. सरासरी १७७ आली. बरं वाटलं, हात अजून थरथरत नाही.

१७८ चौरस मैल म्हणजे साधारण ४६१ चौरस किलोमीटर. आपल्या महापालिकेची हद्द, २०२१ मध्ये ती नवी तेवीस गावं धरल्यावर, पाचशेच्या वर गेली होती. मग मी त्याच मापाने पुण्याचा नकाशा काढला, कर्कटकाचं टोक शनिवारवाड्यावर रोवलं आणि बारा किलोमीटरचं वर्तुळ ओढलं. हडपसर आत, वारजे आत, गुजर-निंबाळकरवाडीही आत. खडकवासल्याचं धरण थोडक्यात बाहेर. वाघोली आणि हिंजवडी बाहेर. एवढंच अख्खं समथर. १९०१ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या ३३,४७२. एवढी माणसं तर हल्ली एका प्रभागाच्या मतदार यादीतसुद्धा सहज मावतात. त्याच खानेसुमारीत भोरची लोकसंख्या १,३७,२६८ आणि क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल, म्हणजे समथरच्या पाचपटीहून जास्त. आणि तोफा नऊ.

आजोबा हयात नाहीत ते बरं.

आता हा प्रश्न मला सोडेना. आठवडाभर सकाळची फिरायची वेळ सदाशिव पेठेत पुस्तकांत घालवली. मिळालं ते असं.

समथर मुळात दतिया संस्थानातलं. दतियाचे राजे बुंदेले राजपूत, ओरछ्याच्या घराण्यातलीच शाखा. अठराव्या शतकात दतियाच्या गादीसाठी भांडण लागलं, त्यात इंद्रजीत याच्या बाजूने नौनेशहा नावाचा एक गुर्जर सरदार उभा राहिला. इंद्रजीत जिंकला. नौनेशहाच्या मुलाला, मदनसिंहाला, समथरच्या किल्ल्याची किल्लेदारी आणि 'राजधर' हा किताब मिळाला. त्याच्या पुढच्या पिढीला, देवीसिंहाला, पाच गावांची जहागीर. पाच गावं! आपल्याकडे पाच गावांच्या इनामदाराला लग्नात जेवायला पहिल्या पंगतीत बसवायचे, इतकाच मान. पण देवीसिंहाचा मुलगा रणजितसिंह याने त्या पाच गावांचं राज्य केलं आणि राजा हा किताब मिळवला. कोणाकडून? मराठ्यांकडून.

इथे मी टेबलावर हात आपटला, हीने स्वयंपाकघरातून विचारलं, काय पडलं?

पण बघा ना. त्या काळचा बुंदेलखंड डोळ्यासमोर आणा. १७२९ साली बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावून गेला, छत्रसालाने मुलुखाचा तिसरा हिस्सा त्याला दिला, मस्तानी पुण्यात आली, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. त्या हिश्श्याचा कारभार बघायला मग कोकणातून आणि देशावरून माणसं गेली. रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे गोविंदपंत खेर तिकडे जाऊन गोविंदपंत बुंदेले झाले. सागर, काल्पी, जालौन त्यांच्याकडे. नाशिकच्या घंटेमुळे ज्यांचं नाव आपल्या तोंडी आहे त्या नारोशंकरांनी ओरछेकरांकडून झाशी घेतली आणि किल्ल्याभोवती शहर वसवलं. पुढे तिथे नेवाळकर आले. म्हणजे समथरच्या उत्तरेला आणि पूर्वेला जालौनचे मराठे, दक्षिणेला झाशीचे मराठे, पश्चिमेला शिंद्यांचा ग्वाल्हेर मुलूख. मधोमध पाच गावांचा गुर्जर जहागीरदार. चारी बाजूंना आमटी-भात खाणारे कारकून वसुलीच्या चोपड्या घेऊन बसलेले, आणि हा माणूस त्यांच्या मधोमध वाढत गेला.

समथर वेगळं झालं ते १७६० च्या सुमारास, असं मानतात. १७६० च्या डिसेंबरात गोविंदपंत गंगा-यमुनेच्या दोआबात मारले गेले, महिनाभरात पानिपत झालं. बुंदेलखंडातला मराठी अंमल एकदम खिळखिळा झाला. जुना धनी दतिया दुबळा, नवा धनी पुणे जखमी. अशा वेळी एका बळकट गढीत शे-दोनशे घोडी बाळगून शांत बसलेल्या माणसाला फार काही करावं लागत नाही, वसूल आपल्याच घरात ठेवायचा एवढंच. मराठे पुन्हा सावरले तेव्हा हा इतका रुजला होता की त्याला उपटण्यापेक्षा राजा म्हणणं स्वस्त पडलं. हे शेवटचं वाक्य माझं, पुस्तकातलं नाही. पण खात्यात चाळीस वर्षं अतिक्रमणं नियमित होताना बघितली आहेत, त्यावरून सांगतो.

आणि मग १८१७.

पुण्यात त्या वर्षी काय चाललं होतं ते पुणेकराला सांगायला नको, पण एक कलम आपण नेहमी विसरतो. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनानंतर एल्फिन्स्टनने दुसऱ्या बाजीरावाला कोंडीत धरलं आणि १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह झाला. त्या तहात पेशव्याने बुंदेलखंडातले आपले सगळे हक्क, सागर, झाशी, जालौनसकट, कंपनीला लिहून दिले. आपण ५ नोव्हेंबरची खडकी लक्षात ठेवतो, बापू गोखले आणि गणेशखिंड लक्षात ठेवतो. बुंदेलखंडापुरती पेशवाई मात्र जूनमध्येच, शाई-कागदावर, संगमाच्या आसपास कुठेतरी संपली होती.

रणजितसिंहाने इंग्रजांच्या छत्राखाली यायची खटपट आधीपासूनच चालवली होती, काम अडून होतं. पुण्याचा तह झाला आणि त्याच साली समथरशी कंपनीने स्वतंत्र तह केला. धनी बदलायची वेळ त्याने बरोबर साधली.

समथरचा मान या 'तह' शब्दात आहे. बुंदेलखंडात संस्थानं तीसेक, पण त्यांतली बहुतेक सनदी: म्हणजे इंग्रजांनी सनद दिली, राजाने इमानाची कबुली लिहून दिली. बरोबरीच्या नात्याने तह झालेली संस्थानं फक्त तीन. ओरछा, दतिया आणि हे समथर. एक बुंदेल्यांचं मूळ पीठ, दुसरी त्याची शाखा, आणि तिसरं कालपर्यंत दतियाच्या किल्लेदाराचं असलेलं. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचं तर रोजंदारीवर लागलेला माणूस कायम होऊन थेट वर्ग एकच्या यादीत गेला. अकरा तोफा म्हणजे 'हिज हायनेस'. नऊवाल्याला ते नाही. क्षेत्रफळ कोणी प्लॅनीमीटर फिरवून बघितलं नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यात जास्त रुतला.

१८२७ मध्ये रणजितसिंह गेला, हिंदूपत गादीवर आला. काही काळाने त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, तेव्हा राज्याचा कारभार राणीच्या हाती सोपवण्यात आला. म्हणजे १८५० च्या दशकात झाशीत राणी आणि पलीकडच्या हद्दीत समथरलाही राणीच कारभार बघते आहे. आपल्याला एकीचं नाव घोड्यासकट पाठ. दुसरीचं नाव मी ज्या पुस्तकांत शोधलं त्यांत नुसतं 'राणी' एवढंच आहे.

झाशीत गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी मुलगा दत्तक घेतला. डलहौसीने तो नामंजूर केला. त्याचं म्हणणं काय? झाशी हे मूळचं स्वतंत्र राज्यच नव्हे, ती पेशव्यांची सुभेदारी. पेशव्यांचे हक्क आमच्याकडे आले, म्हणजे मालक आम्ही. तो जूनचा पुण्याचा तह इथे सदतीस वर्षांनी येऊन लागला. दतिया, ओरछ्याला दत्तक चालतो तर झाशीला का नाही, हा प्रश्न झाशीहून विचारला गेला. तिथल्या मेजर एलिस या इंग्रज अधिकाऱ्यानेही तेच वरिष्ठांना लिहिलं. उपयोग झाला नाही. समथरवर ही वेळच आली नाही, कारण हिंदूपतला दोन मुलगे होते, छतरसिंह आणि अर्जुनसिंह. या धाकट्याचं दुसरं नाव अलीबहादूर. समथर गावाचं जुनं नाव शमशेरगढ असंही आहे. शमशेर, अलीबहादूर, मस्तानीचा मुलगा, नातू... माझी पेन्सिल मस्तानीच्या पाबळपर्यंत रेघ ओढायला निघाली होती, पण थांबवली. नुसत्या नावांवरून नाती जोडायला लागलो तर हीचे आईवडील होळकर निघतील.

सत्तावन्नात समथर इंग्रजांविरुद्ध उठलं नाही. ४ एप्रिल १८५८ च्या रात्री लक्ष्मीबाई झाशीतून निघाली, ती भांडेरला, आणि तिथून काल्पीला. मी नकाशावर पट्टीचं एक टोक भांडेरवर आणि दुसरं काल्पीवर ठेवलं. पट्टीची कड समथर गावाच्या जवळूनच जाते. भांडेरपासून समथर सरळ रेषेत वीस किलोमीटर. प्रत्यक्षात घोडा पट्टीच्या कडेने धावत नसतो, हे कळतं मला. तरी पट्टी बराच वेळ तशीच राहिली. दर दोन दिवसांनी बालगंधर्वला जाताना मी तिच्या पुतळ्यावरून वळतो, कधी मान वर करून बघत नाही.

चार वर्षांनी, १८६२ मध्ये, इंग्रजांनी समथरला दत्तकाची सनद दिली. गरज नसताना. ज्या हक्कासाठी शेजारी एवढं रामायण झालं, तो कागद यांच्या दप्तरात आरामात येऊन पडला.

बाकीचं झटपट. १८६४ ला छतरसिंहाने कारभार हाती घेतला आणि इंग्रजांनी त्याला राजा मानलं. वेडसर बाप, आई आणि धाकटा भाऊ यांच्या खर्चासाठी अमरगढ परगणा वेगळा काढला. बाप १८९० पर्यंत जगला. म्हणजे सव्वीस वर्षं एकाच तळहाताएवढ्या राज्यात माजी राजा आणि चालू राजा दोघे. कशी काढली असतील सणावारं! छतरसिंह मात्र कामाचा. इंग्रजी जिल्ह्याच्या धर्तीवर महसूल आणि कचेऱ्यांची घडी बसवली, १८७७ मध्ये महाराजा किताब मिळवला, झाशी-कानपूर रेल्वेसाठी जमीन दिली. आपली पुणे-लखनौ गाडी याच रुळांवरून जाते. मी एकदा गेलोय तिने. पहाटे खिडकीतून 'मोठ' अशी पाटी दिसली होती, विहिरीवरची मोठ आठवून हसलो होतो आणि पुन्हा झोपलो होतो. समथरचं स्टेशन तेच.

छतरसिंहानंतर १८९६ ला बीरसिंह देव, आणि शेवटचे राजे राधाचरणसिंह. १९४८ मध्ये विंध्य प्रदेशात विलीन, मग १९५० साली उत्तर प्रदेशात, आणि आता झाशी जिल्ह्यात. ज्या झाशीचं राज्य १८५४ मध्येच बुडालं, तिच्याच नावाच्या जिल्ह्यात मोठ तहसिलीतलं एक गाव. भोरही १९४८ च्या मार्चमध्येच मुंबई इलाख्यात गेलं. तोफा दोन्हीकडच्या सारख्याच बंद.

मागच्या रविवारी पोरगा रेड ऑक्साइडचा दुसरा हात मारायला आणि राहिलेले पैसे न्यायला आला. मी मुद्दाम नकाशा टेबलावर पसरून ठेवला होता. वर ट्रेसिंग पेपर, त्यावर रोट्रिंगच्या पेनने काढलेली समथरची हद्द. म्हटलं, ये, तुझी रियासत बघ. रणजितसिंह, तह, अकरा तोफा, सगळं सांगितलं. तो मान डोलावत होता. "येही तो हम बोले थे, अंकल."

मग मी भिंग दिलं आणि विचारलं, तुझं घर कुठे येतं? त्याने बराच वेळ शोधलं. रेल्वे सापडली, मग रस्ता, मग एक नाला. खिशातून लोखंडी पत्र्यावर खुणा करायचा तो पांढरा खडू काढला आणि ट्रेसिंगवर एक बारीक ठिपका दिला.

ठिपका माझ्या रेषेच्या बाहेर होता. पाव इंच. गुलाबी रंगात.

"अरे, हे तर इंग्रजांच्या हद्दीत," मी म्हणालो.

त्याने पुन्हा भिंग लावलं. एकदा ठिपक्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "अंकल," म्हणाला, "आपकी लाइन थोड़ी अंदर आ गई है. वो बाहर से लीजिए."